शोभारॉक : आईची ठुमरी आणि लेकाचे ड्रम

या आठवड्यात पाककृती आणि डाग काढण्याच्या युक्त्या जरा बाजूला ठेवूया. सोलापूरच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलंय, आणि त्यातला प्रश्न आज पुष्कळ घरांत आहे म्हणून त्याचं उत्तर इथंच देते.

त्या लिहितात : त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा. सात वर्षं तबला शिकला, मध्यमा पूर्ण झाला. घरात कौतुक होतं, गणेशोत्सवात बोलावणी यायची. वर्षभरापासून तो मित्रांच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. आधी नुसतं रॉक होतं, तेव्हा घरच्यांनी कानाडोळा केला. आता ही मुलं म्हणतात, आम्ही रॉकमध्ये जॅझ मिसळणार, मध्ये तबल्याचे बोल घालणार आणि पैसे काढून स्टुडिओत रेकॉर्डिंग करणार. वर्गणीसाठी मुलगा तबल्याची जोडी विकायला निघालाय. वडील म्हणतात, "ड्रम उद्याच बाहेर काढ." आजी म्हणतात, "या धांगडधिंग्यासाठी शिकवला होता का रे तबला?" आणि आई बिचारी मध्ये. शेवटी त्यांनी विचारलंय, "अडवू की सोडू, तेवढं सांगा."

नुसतं 'अडवा' किंवा 'सोडा' म्हणण्याऐवजी मी त्यांना एका आईची हकीकत सांगते. ती तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे. शोभा गुर्टू. ठुमरी म्हटलं की ज्यांचं नाव आधी ओठांवर येतं त्या शोभाताई.

शोभाताई आपल्या सीमाभागातल्याच. जन्म १९२५ चा, बेळगावचा. माहेरचं नाव भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर नृत्यात तयार, आणि गाणं शिकलेलं अल्लादियाखाँसाहेबांकडे. लहान भानुमतीला तालीम मिळाली ती खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँ यांची. म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचं कडक शिक्षण. पुढं लग्न झालं ते बेळगावच्या गुर्टू घराण्यात, विश्वनाथ गुर्टू यांच्याशी. सासरे पंडित नारायणनाथ गुर्टू पोलीस खात्यातले मोठे अधिकारी, पण सतार वाजवणारे आणि विद्येचा आदर करणारे. सून गाते म्हणून नाक मुरडणाऱ्या त्या काळात हे सासर मिळालं, हेही भाग्यच म्हणायचं. पुढं ठुमरी, दादरा, कजरी, होरी यांत त्यांनी जे नाव काढलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. १९७८ च्या 'मैं तुलसी तेरे आँगन की' या चित्रपटातली त्यांची ठुमरी तर पानाच्या ठेल्यावरसुद्धा वाजायची. १९८७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००२ साली पद्मभूषण. २००४ साली त्या गेल्या.

तर या शोभाताईंचा धाकटा मुलगा त्रिलोक. जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९५१. घरात सकाळ-संध्याकाळ रियाज, मोठमोठ्या गवयांची ये-जा. पोराचे हात लहानपणीच तबल्यावर पडले. शाह अब्दुल करीम यांच्याकडे तो रीतसर शिकला. थोरला भाऊ रवी, तोही तालवाद्यांतलाच, दोघांनी मिळून वादकांचा एक संचही काढला होता. आणि मग ऐन तारुण्यात या मुलाच्या कानावर पडलं परदेशी संगीत. जिमी हेंड्रिक्सची विजेवर चालणारी गिटार आणि जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन. झालं! तबल्याशेजारी ड्रम येऊन बसले.

इथं थोडं थांबून ही नावं समजून घेऊ. मुलं जेवताना ती फेकतात आणि आपण नुसत्या मान हलवतो.

रॉक म्हणजे १९५० नंतर अमेरिकेत जोर धरलेलं संगीत. विजेची गिटार, ड्रम, बेस आणि गाणारा. ताल बहुतेक वेळा चार-चार मात्रांचा, ठोसून वाजवलेला. जॅझ त्याहून जुना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजातून तो वर आला. त्याचा प्राण म्हणजे आयत्या वेळचा विस्तार. धून ठरलेली असते, पण पुढं वादक ती आपल्या मनानं फुलवतो. आपला गवई बंदिश मांडून पुढं आलाप-ताना घेतो ना, त्याच जातीची ही गोष्ट. म्हणून जॅझवाल्यांना आपलं संगीत नेहमी जवळचं वाटलं.

आणि जॅझ आपल्याला अगदीच परका आहे असंही समजू नका. १९३० नंतरच्या मुंबईत बड्या हॉटेलांतून तो वाजत होता, आणि वाजवणारे पुष्कळसे आपले गोव्याचे होते. तेच वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत बसायचे. आपल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मधली, १९५१ सालची ती नाचरी गाणी आठवा. त्यांचे सहायक चिक चॉकलेट हे गोव्याचे नावाजलेले ट्रम्पेटवादक होते. म्हणजे आजीबाई ज्या गाण्यांवर तरुणपणी ठेका धरायच्या त्यांतही जॅझ होताच. हे आजींना हळूच सांगा, बरं का!

१९६० चं दशक संपता संपता रॉकची वीज आणि जॅझचा विस्तार एकत्र आले. माइल्स डेव्हिस या जॅझमधल्या बुजुर्गानं रॉकची वाद्यं घेतली, आणि रॉकमधली मंडळी उलट दिशेनं जॅझकडे वळली. याला नाव पडलं जॅझ फ्यूजन. जॉन मॅकलॉफ्लिन या इंग्रज गिटारवाल्यानं १९७१ साली महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला आणि पुढं आपले झाकीर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम यांना घेऊन 'शक्ती' उभी केली. त्याच 'शक्ती'ला २०२४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले.

जर्मनीत म्युनिकला १९६९ साली ख्रिश्चन बुर्चार्ड यानं एम्ब्रियो नावाचा रॉक संच काढला होता. हा संचही असाच रॉकमधून जॅझकडे आणि तिथून देशोदेशींच्या संगीताकडे वळला. १९७७ साली त्यांची 'अपो-कॅलिप्सो' ही तबकडी आली. तिच्यात वादकांमध्ये त्रिलोक गुर्टू आहे, आणि गाणाऱ्यांमध्ये कोण असेल? शोभाताई!

भगिनींनो, त्या वेळी त्यांचं वय होतं बावन्न. बैठकीत नाव झालेली, मान मिळालेली बाई. "माझं घराणं, माझी ठुमरी, आणि या परक्या गिटारवाल्यांच्यात मी कशाला?" असं त्या म्हणाल्या असत्या तर कुणीही बोट दाखवलं नसतं. पण त्या गायल्या.

पुढं १९८८ साली त्रिलोकची स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, 'उस्फ्रेट'. काढली जर्मनीच्या सीएमपी कंपनीनं. वादक पाहा : ट्रम्पेटवर अमेरिकेचा डॉन चेरी, गिटारवर राल्फ टाउनर, व्हायोलिनवर एल. शंकर, बेसवर स्वीडनचा योनास हेलबोर्ग, पियानोवर फ्रान्सचा डॅनियल गोयोन. आणि या सगळ्यांमध्ये आवाज त्रेसष्ट वर्षांच्या शोभाताईंचा. त्यातल्या एका रचनेचं नावच आहे 'शोभारॉक'. लेकानं आईचं नाव रॉकला जोडून टाकलं!

आता स्टुडिओची गोष्ट, कारण पत्रातली मुलं तिथंच निघाली आहेत.

पूर्वी आपल्याकडे सिनेमाचं गाणं कसं मुद्रित व्हायचं? सगळा वाद्यवृंद आणि गायिका एकाच वेळी. पन्नास वादकांतल्या एकाचा हात चुकला की गाणं पुन्हा पहिल्यापासून. पंगतीत वाढतो तसं, सगळं एकदम पानात यायला हवं. परदेशात मात्र दुसरी पद्धत आधीच रुळली. ही पद्धत रांगोळीसारखी. आधी ठिपके, मग रेषा, मग रंग. पहिल्यांदा ड्रम मुद्रित करायचे. ते कानाला हेडफोन लावून ऐकत ऐकत बेसवाला आपला थर घालतो. त्यावर गिटार, त्यावर गाणं. वाटलं तर तोच माणूस स्वतःवर दुसरा, तिसरा थर चढवतो. याला ओव्हरडबिंग म्हणतात. अमेरिकेत लेस पॉल आणि त्याची बायको मेरी फोर्ड यांनी १९५१ साली अशाच थरांनी एक गाणं केलं. त्यात मेरीचा एकच आवाज अनेक बायका मिळून गाताहेत असा ऐकू येतो, आणि ते कित्येक आठवडे तिकडं पहिल्या क्रमांकावर होतं.

आता गंमत ऐका. तरुण त्रिलोक मुंबईत परदेशी तबकड्या ऐकून शिकत होता, तेव्हा त्याला हे ओव्हरडबिंग ठाऊकच नव्हतं! तबकडीत ड्रम वाजताहेत, त्यावर आणखी कसली तरी तालवाद्यं वाजताहेत. त्याला वाटलं, हे सगळं एकच माणूस एकाच वेळी वाजवतोय. मग आपल्यालाही जमलं पाहिजे. म्हणून तो ते सगळे थर एकट्यानं, एकदम वाजवायला शिकला. पुढं त्यानंच सांगितलंय की, एरवी कुणी वाटेला गेलं नसतं असे भाग त्यामुळं त्याच्याकडून बसवले गेले. दोन हात, दोन पाय, आणि तोंडानं तबल्याचे बोल!

त्याचं वाजवणं पाहिलंत तर आणखी एक गोष्ट दिसेल. इतर ड्रमवाले उंच स्टुलावर बसतात. हा आपल्या तबलजीच्या सवयीनं खाली, जमिनीलगत बसतो. ड्रमच्या शेजारी तबला. आणि त्याच्या बाजूला चक्क पाण्याची बादली! काशाची झांज वाजवून तो ती हळूच पाण्यात बुडवतो, की सूर घसरत खाली येतो. याचं कारण सोपं आहे. वाजणाऱ्या धातूला पाणी चिकटलं की त्याला ते ओझं घेऊन थरथरावं लागतं, कंपनं मंदावतात, म्हणून सूर उतरतो. घरी स्टीलची ताटली चमच्यानं वाजवा आणि वाजत असतानाच पाण्यात बुडवून पाहा. मुलांना विज्ञानही कळेल आणि संगीतही.

या त्रिलोकनं पुढं काय केलं ते थोडक्यात सांगते. 'ओरेगन' नावाच्या अमेरिकन संचातला तालवादक कॉलिन वॉलकॉट १९८४ साली अपघातात गेला. त्या जागी त्रिलोकला घेतलं, आणि त्यांच्याबरोबर त्यानं तीन ध्वनिमुद्रिका केल्या. १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जॉन मॅकलॉफ्लिनच्या तिघांच्या संचात तो वाजवत होता. १९९३ च्या 'क्रेझी सेंट्स'मध्ये त्याच्याबरोबर जो झाविनुल आणि पॅट मेथिनी आहेत, आणि पुन्हा शोभाताईही आहेत, वय अडुसष्ट! अमेरिकेच्या 'डाउनबीट' या जॅझच्या मासिकात समीक्षकांच्या कौलात तालवादक म्हणून तो कितीदा तरी पहिला आला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आजींचा राग मी खोटा मानत नाही. दोन्हीकडची अर्धी-कच्ची विद्या घेऊन केलेली मिसळ कानाला टोचते. तंबोऱ्याखाली ड्रमचा नुसता खडखडाट घातला की झालं फ्यूजन, असं समजणारे पुष्कळ आहेत. आणि घराणं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या माणसाला त्याचं दुःख होतं, ते रास्तच आहे.

पण आमच्या अक्कलकोटचं उदाहरण घ्या. इथं घरात मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दोन्ही, आणि वर दखनी हिंदीची फोडणी. चांगली बोलणारी बाई एका वाक्यात तीन भाषा सहज फिरवते आणि तिन्ही नीट बोलते. दुसरी एखादी तिन्ही मोडून ठेवते. दोघींच्या बोलण्याला 'मिसळ'च म्हणतात, पण फरक पहिल्या वाक्यातच कळतो. संगीतातही तसंच असतं. त्रिलोकची मिसळ जमली, कारण तबल्याचं व्याकरण त्याच्या हाडात होतं. आणि शोभाताईंनी लेकाच्या ध्वनिमुद्रिकेत रॉक गायलं नाही. आपल्याच अंगानं गायल्या. भोवतीचं सगळं बदललं तरी सुराची जागा, लगाव, तो आर्त भाव त्यांचाच राहिला. स्वतःचं न सोडता लेकाच्या अंगणात जाऊन बसल्या, हे मला त्यांचं फार मोठं वाटतं.

एम्ब्रियोच्या बुर्चार्डच्या घरीही पुढची पिढी उभी राहिली. त्याची मुलगी मार्या वडिलांच्याच संचात वाजवत वाढली आणि आता तो संच तीच चालवते. वडील २०१८ साली गेले, संच चालू आहे. घराणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

तेव्हा सोलापूरच्या भगिनींना माझं सांगणं असं :

तबल्याची जोडी विकू देऊ नका. यावर ठाम राहा. ड्रम राहू देत, पण त्यांच्या बदल्यात तबला जाणार नाही. रोज आधी अर्धा तास तबला, मग ड्रम, असा नियम घाला. गुरुजींपासूनही काही लपवू नये. मुलानं स्वतः जाऊन सांगावं. गुरुजी रागावतील, एखादे वेळी नाहीही रागावणार, पण चोरून केलेल्या गोष्टीची बोच राहत नाही.

स्टुडिओचं भाडं बहुतेक ठिकाणी तासावर असतं. घरी न बसवता तिथं गेलं की पैसे नुसते तालमीत जातात. सगळी रचना सलग तीन वेळा न चुकता वाजेपर्यंत जाऊ नये. तोवर मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावं आणि दुसऱ्या दिवशी थंड डोक्यानं ऐकावं. आपला आपणच मास्तर व्हायला याहून स्वस्त उपाय नाही. आणि मेट्रोनोम लावून सराव हवाच. थर घालायचे तर प्रत्येकाची लय एकाच जागी पाहिजे, एकाचा ठिपका सरकला की पुढची सगळी रांगोळी वाकडी.

वर्गणी कुणी किती दिली, आणि पुढं चार पैसे आले तर वाटणी कशी, हे आधीच वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. मैत्री टिकते.

घरातल्या आवाजाचं म्हणाल तर सरावाला रबराचे पॅड मिळतात, ते घ्यावेत. खोलीच्या भिंतींवर जुन्या सोलापुरी चादरी आणि गोधड्या सोडल्या तर खोलीतला घुमारा कमी होतो. शेजारी जाणारा आवाज मात्र त्यानं थांबत नाही, म्हणून वेळ ठरवून घ्या आणि दहावी-बारावीच्या परीक्षांत ड्रम बंद. कानांना जपा. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज तासन्‌तास ऐकला तर कानाला कायमची इजा होते, आणि ड्रम १०० च्याही वर सहज जातात. कापसाचे बोळे पुरत नाहीत, कानात घालायचे खास प्लग मिळतात, ते वापरायला लावा.

शिक्षणाचं वडील म्हणतात ते बरोबरच आहे. त्रिलोकच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका आली तेव्हा तो छत्तिशीत होता. तोवर दुसऱ्यांच्या मागं बसून वाजवण्यात बरीच वर्षं गेली होती. सतराव्या वर्षी काही ठरत नसतं. कॉलेज चालू राहू द्या, ड्रमही चालू राहू देत.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. एकदा त्याच्या खोलीत जाऊन बसा. ही धून किती मात्रांची, सम कुठं येते, विचारा. आपल्याकडे वटवृक्ष देवस्थानात भजनाला जो आठ मात्रांचा भजनी ठेका वाजतो, तो रॉकच्या चाराच्या हिशेबात चपखल बसतो. हातावर टाळी धरून पाहा. रूपकाच्या सात मात्रा घातल्या तर मात्र मुलांची तारांबळ उडेल. तिथं तुमचा तबलजी त्या सगळ्यांचा गुरू ठरेल, आणि सात वर्षांची शिकवणी कुठं गेली हे आजींनाही कळेल.

आजींना 'शोभारॉक' जरूर ऐकवा. फक्त आधी नाव सांगू नका. आधी शोभाताईंची एखादी जुनी ठुमरी लावा, त्या डोलायला लागल्या की मग हे.

पुढच्या आठवड्यात उन्हाळी वाळवणांविषयी. ज्वारीच्या पापड्यांच्या तुमच्याकडच्या पद्धती जरूर कळवा.